सोळा सेंटिमीटर

३ जून
वरून हुकूम — दाखला नसेल त्याने एक ऑगस्टपासून खांबावर चढायचं नाही. परीक्षा द्या! एकोणीस वर्षं झाली मला हुआल्कीच्या रेल्वेवर. डोक्यावरची विजेची तार मीच सांभाळतो. शाळा सहावीपर्यंत, बाकी सगळं स्वतः शिकलो. देऊ परीक्षा.

९ जून
अभ्यास. बायको, ओतिलिया, म्हणाली, "अहो, जेवून घ्या आधी. पुस्तक गार होत नाही."

१७ जून
तोंडी परीक्षा. परीक्षक इतुर्रिएतासाहेब, कडक कॉलरचे. रुळांवरची तार सरळ रेषेत नसते. एका खांबाला डावीकडे, पुढच्याला उजवीकडे ओढतात. नाहीतर इंजिनाच्या टपावरचा कोळशाचा पट्टा एकाच जागी झिजतो. साहेबांनी विचारलं, नदीकाठी किती ओढायची?
"सोळा सेंटिमीटर."
"वीस, मिस्त्री. नकाशात वीस आहे."
"साहेब, नकाशाला वारा लागत नाही. बिओबिओ नदीवरून वारा सुटला की वीसवरची तार पट्ट्याबाहेर जाते. तेरा वर्षं मी सोळावर ठेवलीय. एकदाही गाडी अडली नाही."
"म्हणजे तेरा वर्षं नियम मोडताय!"

१८ जून
नापास.

२० जून
जोडीदार फुएंतेआल्बा म्हणतो, "आता शिडी तुम्ही धरा, मिस्त्री. मी चढतो. वर काय दिसतं ते ओरडून सांगेन." सगळे हसले. मी नाही हसलो.
अपील केलं. मूळ नकाशा मागवला. काढला असेल कुणीतरी खुर्चीत बसून! जन्मात खांबाखाली उभा राहिला नसेल.

२४ जून
सान हुआनचा सण. तरी साहेब स्वतः आले. ११४ नंबरच्या खांबाखाली उभे राहिले आणि वाऱ्याने टोपी थेट नदीत! बराच वेळ हेलकावणाऱ्या तारेकडे बघत होते. म्हणाले, "तुमचं बरोबर असेल, मिस्त्री. पण कागद चुकलाय असं म्हणायचं तर कुणाकडून चुकला, तेही लिहून द्यावं लागेल."
देतो म्हटलं. आनंदाने!

२ जुलै
नकाशा आला. तार पहिल्यांदा टाकली त्या वर्षीचा. तेव्हा मी कचेरीत नकाशे उतरवायचो — शेकड्यांनी. कोपऱ्यात ए. सा. अक्षर माझं. वीसचा आकडा मीच छापील पुस्तकातून उचललेला. नदीकाठी गेलोच नव्हतो.
अपिलात रकाना आहे — 'चूक कोणाची'. पूर्ण नाव लिहिलं. एलेओदोरो सान्हुएसा.