भुरीचं फडकं

सोनाळा,
दि. १५ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
धाकट्या शंकरचा सादर जयभीम. वि. वि.

इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून. तुझे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही. शिवाय मी फोनवर बोललो की पारावरच्या माणसालाही ऐकू जातं आणि ही गोष्ट पारावर जाण्यासारखी नाही. खरं म्हणजे ती पारावरूनच आली आहे. म्हणून पत्र.

आपल्या भुरी कुत्रीला सहा पिल्लं झाल्याचं मागे कळवलं होतं. दीड महिन्याची झाल्यावर पहिलं पिल्लू जळगाव जामोदच्या किसनरावांनी नेलं. त्यांची संत्र्याची बाग आहे आणि रानडुकरांचा त्रास फार. नेहमीप्रमाणे मी पिल्लू टोपलीत ठेवलं आणि भुरीच्या अंथरुणाचा एक तुकडा फाडून टोपलीच्या काठाला गाठ मारून दिला. आईचा वास असला की पिल्लू नव्या घरी रडत नाही. वीस वर्षं मी असंच देतो. तुझा कोतवाल पिल्लू असताना त्याच्यासोबतही दिला होता. अंथरुणाला मुंग्या लागू नयेत म्हणून मी हळद टाकतो, त्यामुळे तुकडा पिवळा दिसतो. हे मी आजवर कोणाला समजावून सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

किसनरावांच्या सुनेने टोपलीत ते हळदीचं, गाठ मारलेलं फडकं पाहिलं आणि ओरडली. त्याच आठवड्यात त्यांच्या विहिरीवरची मोटर जळाली आणि किसनरावांची आई न्हाणीत घसरली. आता सगळीकडे एकच चाललं आहे, की सोनाळ्याचा शंकर तायडे पिल्लासोबत करणी पाठवतो. फडक्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर आला. आपल्या घरच्या सूनबाईने, दीपमालाने, मला दाखवला. फोटो चांगला निघाला आहे.

तिघांनी पिल्लं सांगून ठेवली होती. तिघांचाही निरोप आला की, काका, यंदा राहू द्या. पाच पिल्लं अंगणात आहेत. चार महिन्यांच्या पुढे गेलं की पिल्लू कोणी नेत नाही, कारण मग ते नव्या माणसाला आपलं मानत नाही. पण पिल्लांपेक्षा मला नावाचं लागलं आहे. आपल्या बाबांनी छप्पन साली घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले आणि त्यांचा मुलगा एकाहत्तराव्या वर्षी मांत्रिक ठरला. करणीवर सरकारचा कायदा आहे म्हणतात. पोलीस आले तर त्यांना फडकं दाखवायचं की नाही, हा विचार करत पडून असतो. झोप येत नाही. काय करावं ते कळव.

माझ्यावरचा तुझा जीव ही बातमी तुमच्या धाड गावी पोचली तरी तसाच राहू दे.

तुझा,
शंकर

ता. क. किसनरावांच्या त्या सुनेचं माहेर तुमच्या धाडकडचंच आहे म्हणतात. म्हणजे बातमी पोचलीच असेल.


धाड,
दि. २३ डिसेंबर २०२४

चि. शंकरास,
अक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा हसू आवरलं नाही. शाळेच्या वाटेवर कोणी उतारा टाकलेला दिसला की तू नदीच्या अंगाने वळसा घालून जायचास आणि पोचेपर्यंत शाळा सुटायची. चौथीच्या पुढे तू त्याच्यामुळेच गेला नाहीस. अरे, करणी करायला धीर लागतो. तुला ओळखणारा एक माणूस त्या ग्रुपवर असता तर हे तिथेच मिटलं असतं.

आता ऐक. गप्प बस. कोणाला खुलासा देऊ नकोस, कोणाच्या घरी जाऊ नकोस. निवडणुका येणार येणार म्हणतात. त्या आल्या की लोकांना बोलायला दुसरं मिळेल आणि तुझ्या कुत्र्यांकडे कोणी बघणार नाही.

कोतवालाला बारा वर्षं झाली. ओट्यावरून उतरत नाही. दुधात भाकर कुस्करून दिली तर माझ्यावर उपकार केल्यासारखं खातो. त्याला ऐकू येत नाही आणि मलाही येत नाही, त्यामुळे दारात कोणी आलं की आम्ही दोघंही सारखेच दचकतो.

एक विचारते. त्या सुनेचं नाव काय आणि तिच्या आईचं नाव काय, तेवढं कळव. उगीच विचारते. कारण काही नाही.

जेवत जा. आणि अक्कावर राग धरू नकोस, कशाहीबद्दल.

तुझी,
चांगुणाअक्का


सोनाळा,
दि. ३ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
शंकरचा जयभीम. वि. वि.

गप्प बस असं तू लिहिलंस, पण ते पत्र येईपर्यंत मी खुलासे देऊन बसलो होतो.

पहिल्यांदा गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. कुत्री आणि पिल्लं निरोगी आहेत असं त्यांनी लिहून दिलं. करणी नाही असंही खाली लिहा, असं मी म्हटलं. तर म्हणाले की, काका, ते माझ्या खात्यात येत नाही. तो कागद मी दाराला लावला. आता लोक म्हणतात की काही नसतं तर बुढ्यानं कागद काऊन आणला असता.

मग बाजाराच्या दिवशी एका भाजीवाल्याचा भोंगा मागून घेतला आणि सांगितलं की शंकर तायडेच्या कुत्र्यांत बाहेरचं काही नाही. ज्यांनी काही ऐकलं नव्हतं, तेही जवळ येऊन विचारायला लागले की, काय नाही म्हणता? त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

तिसरं म्हणजे मी फडकंच बंद केलं. शेखर मास्तर शिकलेले आहेत, त्यांनी हिंमत करून एक पिल्लू नेलं. टोपलीत काहीही ठेवलं नाही, त्यांना टोपली उलटी करून दाखवली. पिल्लू तीन दिवस आणि तीन रात्री रडलं. चौथ्या दिवशी मास्तर टोपली घेऊन दारात. म्हणाले की, काका, माझा विश्वास नाही हो, पण शेजाऱ्यायचा हाय, मले तिथंच राहाचं हाय. आता गावात नवीन निघालं आहे, की आधी ते फडक्यात बांधलेलं तरी होतं, आता बुढ्यानं मोकळंच सोडलं.

अक्का, फडकं दिलं तर करणी आणि नाही दिलं तर मोकळी करणी. ह्याच्यापुढे माझी अक्कल जात नाही. म्हणून ठरवलं आहे की भुरीचं हे शेवटचं वेत. संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन करून देतो, असं डॉक्टर म्हणाले. तिची आई, तिची आजी, सगळ्या ह्याच अंगणात वाढल्या. पाचही पिल्लं माझ्या पायात घोटाळतात आणि त्यांना काही माहीत नाही.

तू विचारलंस म्हणून कळवतो. सुनेचं नाव सुचिता. आईचं नाव जनकाबाई, राहणार धाड, आणि चौकशी केली तर घर तुझ्याच गल्लीत निघालं. केवढं बरं झालं! तू तिच्याकडे जा आणि माझा भाऊ साधा माणूस आहे एवढं सांग. तुझ्या शब्दाला वजन आहे.

आता तुझाच भरवसा आहे, तो मोडू देऊ नकोस.

तुझा,
शंकर


धाड,
दि. ९ जानेवारी २०२५

चि. शंकरास,
जयभीम आणि आशीर्वाद. आशीर्वाद आधीच देऊन ठेवते, पुढचं वाचल्यावर तू घेशील की नाही माहीत नाही.

जनकाबाईकडे मला जावं लागलं नाही. ती रोज दुपारी माझ्याच ओट्यावर बसलेली असते. सांगायचं ते असं. मागच्या पावसाळ्यात ती माझ्या कानाशी ओरडून म्हणाली की, चांगुणाबाई, आमचं पिल्लू दिवसरात्र बोंबलते, तुमचा कोतवाल तर लहानपणीही कधी रडला नाही. मी गमतीने म्हणाले की, माझा भाऊ साधा नाही, तो पिल्लाचं रडणं फडक्यात बांधतो, वरून हळद लावतो आणि गाठ मारून देतो. जनकाबाई हसली नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला वाटलं, ती हसली असेल, मला ऐकू आलं नसेल.

जनकाबाई मुलीला रोज फोन करते. म्हणजे सुचिताला ते आधीच माहीत होतं, टोपलीत नुसतं सापडलं. आता तू म्हणतोस तसं माझ्या शब्दाला वजन आहे हे खरं.

जनकाबाईला मी सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली की, मंग पोरगी भ्याली काऊन, म्या तर गुणाची गोष्ट म्हणून सांगतली होती. ती फोन करणार आहे.

दुसरं. कोतवाल रविवारी सकाळी गेला. ओट्यावरच, उन्हात. परसात बोरीखाली पुरला. त्याच्या खालचं पोतं उचलून टाकायला गेले आणि टाकवेना. ते हातात घेऊन बसले होते तेव्हा मला एक सुचलं. फडकं तुझ्या घरचं असतं, म्हणून संशय येतो. ज्याला पिल्लू पाहिजे त्याला सांग की आपल्या घरचं जुनं कापड आणून दे. चार-पाच दिवस ते भुरीखाली अंथर, त्याच्या डोळ्यांसमोर. मग त्यानेच ते आपल्या हाताने टोपलीत ठेवावं. गाठ मारायची तर त्यानेच मारावी. हळद टाकू नकोस, मुंग्यांचं दुसरं काही बघ. आपल्याच धोतरात करणी आहे असं कोण म्हणणार?

माझ्यावर हवा तेवढा रागाव. पण भुरीचं ऑपरेशन थांबव.

तुझीच, म्हणजे अजून म्हणवून घेत असशील तर,
चांगुणाअक्का


सोनाळा,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
जयभीम. वि. वि.

तुझं पत्र संक्रांतीच्या दिवशी मिळालं. त्यानंतर आठ दिवस मी रागावलो होतो आणि पुढचे दिवस कामात गेले, म्हणून उत्तराला उशीर झाला. रागात एक पत्र लिहून फाडून टाकलं. त्यात मी सत्तर सालच्या आपल्या भांडणाची गोष्ट काढली होती. ती आता जाऊ दे. डॉक्टरांना मात्र त्याच दिवशी, रागातच, नको म्हणून सांगून आलो.

राग संपल्यावर शेखर मास्तरांकडे गेलो. त्यांनी बायकोची जुनी चादर आणली. पाच दिवस भुरीखाली अंथरली, मास्तर शाळा सुटली की रोज येऊन बघून जायचे. पिल्लू नेलं. पहिल्या रात्री हूं नाही की चूं नाही. मास्तरांनी ते सगळ्या शाळेला सांगितलं. मग आधी नको म्हणालेले तिघंही एकामागून एक आले, काखेत कापड घेऊन. एकाने नवं कोरं आणलं, ते मी परत पाठवलं. नव्या कापडाला खळ असते, ते वास धरत नाही. दुसऱ्याची बायको कापडासोबत हिरवा खण आणि नारळ घेऊन आली आणि तिने भुरीची ओटी भरली. बाबा असते तर काय म्हणाले असते, हा विचार मी करत होतो, तोवर भुरीने खण चघळला. नारळ दीपमालाने अंगणवाडीत वाटला.

आता लोक असं म्हणतात की शंकररावांच्या भुरीखालचं कापड रडक्या लेकरावर पांघरलं तर लेकरू झोपते. काल एक म्हातारी नातवासाठी तुकडा मागायला आली. तिला मी डॉक्टरांचा कागद दाखवला.

किसनराव स्वतः येऊन गेले. म्हणाले की, शंकरराव, कुत्रं लय गुणाचं हाय, एक डुक्कर बागेत पाय ठेवत नाही, पण ते फडकं आम्ही चौफुलीवर नेऊन जाळलं, आता दुसरं भेटते काय? सूनबाईनं खास सांगून पाठवलं. मी म्हणालो की घरचं कापड आणा.

एक पिल्लू राहिलं आहे, डावा कान पडलेलं. त्याला दोन माणसं विचारून गेली, मी दिलं नाही. तुला विचारलेलं नाही, पण तुझा ओटा रिकामा आहे. पाहिजे असेल तर घरचं जुनं कापड पाठव. नियम सगळ्यांना सारखा आहे.

नाव सुधारलं, पण झोप काही येत नाही. सवय मोडली असावी.

रागावलो तेही आपलं समजूनच, हे ध्यानात ठेव.

तुझा,
शंकर


धाड,
दि. ८ फेब्रुवारी २०२५

चि. शंकरास,
जयभीम आणि आशीर्वाद.

पिल्लू पाहिजे. कापड ह्याच पाकिटात आहे. पेटीत शोधलं, जुनं सुती एवढंच निघालं. जीर्ण आहे, भुरीला फार ओढू देऊ नकोस.

माझी नात अनुपमा वीस तारखेला त्या बाजूला येणार आहे, परतताना पिल्लू घेऊन येईल.

माफी मागायचं मनात होतं. पण मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. ह्या वयात मला ते जमणार नाही.

समजून घे आणि होता तसाच राहा.

तुझी,
चांगुणाअक्का


सोनाळा,
दि. २० फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शंकरचा सादर जयभीम.

हे पत्र अनुपमाच्या हाती देतो आहे, टोपलीसोबत. ती घाईत आहे, तरी थोडं लिहितो.

तुझं पाकीट तेरा तारखेला मिळालं. दीपमालाने उघडलं आणि विचारलं की हे भुरीखाली घालू का. मी नको म्हणालो. निळा काठ मला लगेच ओळखू आला. आईच्या त्या लुगड्याला ठिणगीने पडलेलं एक भोक होतं, चुलीत मी फुंकर मारली होती तेव्हाचं. तेही आहे. मार मला मिळाला होता आणि तू हसली होतीस. एवढ्या वर्षांनी कापडात वास राहतो की नाही, हे मला सांगता येणार नाही. कुत्र्यांचं मी सांगू शकतो, माणसांचं माझ्या अनुभवात नाही. ते मी उशाला ठेवलं. तेव्हापासून आठ दिवस झोप लागते आहे. दीपमाला म्हणते की मी एवढा घोरतो की अंगणात पिल्लू उठून बसते. तेव्हा कापड परत पाठवत नाही. हे नियमात बसत नाही याची मला कल्पना आहे.

पिल्लासाठी भुरीखाली माझं जुनं धोतर पाच दिवस अंथरलं. तेच टोपलीत ठेवलं आहे. गाठ नाही, हळद नाही. आधी जनकाबाईला ओट्यावर बसवून सगळं उलटंपालटं करून दाखव, मगच पिल्लू बाहेर काढ. आणि तिच्यासमोर कोणतीही गंमत करू नकोस.

सहसा रडणार नाही. पण रडलं तर तुला ऐकू येणार नाही, ही काळजी आहे. म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्याला जवळ घेऊन झोप आणि त्याच्या पोटावर हात ठेव. रडत असलं की पोट थरथरतं, ते हाताला कळतं.

तुझा हात त्याच्यावर आणि माझ्यावरही असू दे.

तुझा,
शंकर