एकटाच आलेला सीरियम

आमच्या दिवट्या बंधुराजांस,

मी खुशाल आहे, एवढं आईला वाचून दाखव. बाकीचं पत्र तुझ्यासाठी आहे.

आपल्या खाणीतल्या दगडाच्या भुकटीची पिशवी मिळाली. "ताई, दुर्मिळ धातू निघाले असा रिपोर्ट दे, मास्तर खाण घ्यायला तयार आहेत," असं लिहिलंस. रिपोर्ट देण्याआधी मी दगड तपासते रे. त्यालाच नोकरी म्हणतात.

गाळाच्या खडकात हे दुर्मिळ धातू एकत्र कुटुंबासारखे राहतात. एक आला की मागोमाग त्याची भावंडं येतातच. तुझ्या पिशवीत सीरियम नावाचा धातू ढिगाने आहे आणि त्याच्या भावंडांचा पत्ता नाही. असा एकटा सीरियम असतो भिंगांना पॉलिश करायच्या पावडरीत. आपल्याच चष्म्याच्या दुकानातल्या. लहानपणी तिचे डबे मीच भरायचे, गाढवा!

तू दोनदा नापास झालास तेव्हा ज्या मास्तरांनी तुला घरी बसवून शिकवलं, त्यांच्याच गळ्यात नुसता खड्डा मारायला निघालास?

आईचा खोकला कसा आहे? ती पावडर मिसळायला तिलाच बसवलं नव्हतंस ना? खरं लिही.

रिपोर्टात जे दिसलं तेच लिहिलंय. मास्तरांची प्रत पाकिटात घालून तयार आहे, पुढच्या सोमवारी टपालात टाकीन. त्याआधी स्वतःच्या पायांनी जाऊन त्यांच्याकडे कबूल केलंस, तर मला पुन्हा ताई म्हण.

तोपर्यंत मी फक्त,
प्रयोगशाळेतली तपासनीस