शेवंते, तुला मीच आणलं

आंबागड, १९८६

लाडके शेवंते,

तू गेल्यापासून तेरा वर्षांत तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितो आहे, कारण सुनंदाला सातवा महिना लागला. हो, माझी तीच पोरगी, जिच्या वेण्या तू इतक्या घट्ट घालायचीस की ती डोळे मिटून घ्यायची! आता भंडाऱ्याला सासरी असते. तुझी वहिनी सकाळपासून मागे लागली आहे, "जा ना जी, पोरीले घेऊन या. पहिलं बाळंतपण मायच्याच घरी होते."

हेच वाक्य मी तुझ्या सासरी म्हटलं होतं. शब्दाचाही फरक नाही.

तुझ्या नागपूरच्या खोलीपासून मोठा दवाखाना चालत सात मिनिटं. मी स्वतः चालून पाहिलं होतं. तू म्हणालीस, "दादा, काहून नेऊन राहिला मले? इथं डॉक्टर हाये, नर्स हाये. तिकडं कोण हाये?"

"मी हाव ना!"

"तू इंजिनाचा डॉक्टर. माह्या पोटात काय डिझेल हाये?"

तुझे मालक खो खो हसले. मला ते लागलं. पुस्तकं वाचून, कुणाच्या हाताखाली न राहता इंजिन शिकलेला माणूस मी. पाच गावांचे पंप माझ्या हाताने चालत. बहिणीचं पहिलं बाळंतपण याला झेपलं नाही, असं लोकांनी म्हणावं? तुला घेऊनच निघालो.

एरवी शब्दाशब्दाला भांडायचीस माझ्याशी. त्याच दिवशी कायले ऐकलंस गं?

धानाच्या रोवण्याचे, भर पावसाचे दिवस होते. सकाळी नऊच्या सुमारास मुलगी झाली. सुईण म्हातारी, हाताची चांगली. तिला मी दोष देत नाही. पण रक्त थांबेना. तीच बाहेर येऊन म्हणाली, "बापू, आता माह्या हातचं नाही. बंडी जुंप."

बैलबंडी चिखलात दोनदा रुतली. रोवणाऱ्या बायांनी हातातली धानाची रोपं टाकून चाकं ढकलली. बंडीत अंथरलेल्या तणसावर पडल्या पडल्या तू मलाच म्हणत होतीस, "दादा, भिऊ नोको." मी भ्यालो होतो, हे तुला कसं कळलं?

तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. डॉक्टरांनी नाडी धरली. "रक्त द्यावं लागेल. ते इथे मिळत नाही. नागपूरला न्या."

नागपूरला! जिथून मी तुला आणलं, तिथेच!

मोटार मिळाली. तू वाटेतच गेलीस.

तुझी लेक बापाजवळ वाढते आहे. उन्हाळ्यात आली तेव्हा तिने विचारलं, "मामा, मी नागपूरची, मग जन्मले इथे कशी?" मी पंपाचा नट शोधत बसलो. नट माझ्या मुठीतच होता.

गावात आता एसटी येते, दिवे आहेत. बाळंतिणीसाठी रक्त मात्र अजून शहरातच. बाई जगेल की जाईल, हे तिला कुठल्या गावी कळा आल्या त्यावर ठरावं?

शेवंते, मी सुनंदाला आणणार नाही. भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात रक्त मिळतं. तुझ्या वहिनीलाच तिकडे पोचवतो. "इहिणीच्या घरी जाऊन पोरीचं बाळंतपण करू? लोक तोंडात शेण घालतीन!" ती म्हणाली. घालू दे. लेकीच्या सासरी बाप पाणी पीत नाही, ही आपल्या घरची रीत मी आजवर मोडली नाही. पण दिवस भरले की मीही जाईन. व्याह्यांच्या ओसरीवर बसेन, पाणी मागून पिईन, आणि पोर सुखरूप मोकळी झाल्याशिवाय तिथून उठणार नाही. हा तुला दिलेला शब्द.

तुझा चुकलेला
दादा