लाल शाईतलं आमंत्रण

लानचौ,
२६ ऑक्टोबर २०२३

प्रिय वहिनी,

नमस्कार. दादा घरी सुखरूप पोचले असतील. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे थंडी पडू लागली आहे आणि विद्यापीठाने हीटर अजून सुरू केलेले नाहीत. माझी पोरं वर्गात कोट घालूनच बसतात.

दादा तुम्हाला परवाचं अर्धंच सांगणार आणि तेही जेवता जेवता. म्हणून मी लिहिते आहे.

परदेशी मुलांना चिनी भाषा आणि रीतिरिवाज शिकवायला लागून मला अठ्ठावीस वर्षं झाली. यंदा नवव्या चांद्र महिन्यातल्या नवमीसाठी, आपल्या वडीलधाऱ्यांच्या सणासाठी, मी मुलांना आधीच एक काम दिलं. प्रत्येकाने एका ज्येष्ठ माणसाला हाताने पत्र लिहून वर्गात बोलवायचं. कुणी रखवालदार काकांना बोलवलं, कुणी खानावळीतल्या आजींना. चोलपोन नावाची किरगिझ मुलगी माझ्याकडे आली. "बाई, मी कुणाला लिहू?" आणि माझ्या तोंडून दादांचा पत्ता निघून गेला. सहा वर्षांत मला एक ओळ लिहायचा धीर झाला नव्हता, तो मी एकोणीस वर्षांच्या पोरीकडून उसना घेतला.

तिचा कच्चा मजकूर मी तपासला. 'तुमच्या बहिणीतर्फे आग्रहाचं आमंत्रण' असं गोड लिहिलं होतं तिने. पक्कं पत्र हॉस्टेलवर लिहून, पाकिटावर माझं नाव घालून तिने टपालात टाकलं. चार दिवसांनी मोठ्या कौतुकाने मला मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत लाल शाई!

नववर्ष लाल, लग्न लाल, लाल म्हणजे शुभ, असं मीच दोन तास घसा फोडून शिकवलं होतं. लाल शाईतलं पत्र म्हणजे आजपासून तुझा माझा संबंध संपला, हे सांगायचं राहूनच गेलं. आपल्यात ते कुणाला सांगावं लागतं का, वहिनी? तीनदा तुमचा नंबर लावला आणि तीनदा घंटा वाजायच्या आत बंद केला.

नवमीला मुलं शेवंतीचा चहा ओतत होती, तेवढ्यात दारात दादा. हातात ते पत्र. किती वाळलेत हो ते!

"नातं तोडायचं तर तोंडावर तोड, पेइलिंग! टपालाने कसलं तोडतेस?"

चोलपोन धावत पुढे गेली. "आजोबा, आलात! ते मी लिहिलंय. लाल रंग छान आहे ना?"

दादांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पत्राकडे. लाल अक्षरं बघून त्यांनी ते वाचलंच नव्हतं! तिथेच उभ्या उभ्या वाचलं. मग म्हणाले, "हे लाल रंगाचं शहाणपण तुला कुणी शिकवलं?"

वर्गातल्या अठरा पोरांची अठरा बोटं माझ्याकडे वळली.

"वा बाई! अठ्ठावीस वर्षं पगार घेतेस आणि एवढंही शिकवत नाहीस?" मग त्यांनीच खडू घेऊन फळ्यापाशी उभं राहून सगळ्यांना लाल शाईचा अर्थ समजावला. चोलपोन रडायलाच लागली. तर तिला म्हणतात कसे, "रडू नकोस, पोरी. काळ्या शाईने लिहिलं असतंस तर न वाचताच चुलीत घातलं असतं मी. हे बघितलं आणि चप्पल घालून स्टेशन गाठलं."

सगळे हसले. मी हसता हसता रडत होते. दोन वाट्या नूडल्स खाल्ल्या त्यांनी, वर तिखट कमी आहे म्हणून कुरकुरलेही. किती हलकं वाटलं मला, काय सांगू.

स्टेशनवर मी आईचा विषय काढला, तर म्हणाले, "राहू दे आता ते." त्यांनी राहू दिलं. माझ्याच्याने राहवत नाही.

सहा वर्षांपूर्वी आईचं दुखणं तुम्ही लपवलंत, मातीला सुद्धा मी पोचले नाही, म्हणून मी तुमच्या अंगणात गावासमोर किंचाळले होते, "माझी आई चोरलीत तुम्ही!" तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलंत.

वहिनी, मला माहीत होतं. आई जायच्या दहा दिवस आधी तिचा फोन आला होता. काय जेवलीस विचारत होती आणि दोन शब्दांच्या मध्ये थांबून श्वास घेत होती. "परीक्षा संपल्या की ये," म्हणाली. मी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच दिवशी निघावं लागलं असतं, आणि वर्गाच्या परीक्षा तोंडावर होत्या. तुम्ही तिच्या शब्दाखातर गप्प राहिलात. मी माझ्या सोयीखातर. माझा राग खरा तुमच्यावर नव्हताच.

लिहून झालं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटतंय.

हे दादांना वाचून दाखवा, असं आता लिहिणार होते. पण नको. पुन्हा दुसऱ्याच्या तोंडून नको. शनिवारी सकाळच्या गाडीने मी थ्येनश्वेईला तुमच्याकडे येते आहे, त्यांना मीच सांगेन. फक्त दार उघडायला दादांना पाठवू नका. तुम्ही या. पहिली माफी मला तुमची मागायची आहे.

तुमची नणंद,
पेइलिंग