वज्रकेतूला साडेनऊ गुण

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कर्तृत्ववान माणसाच्या मागे काहीतरी लेखी राहायला हवं.

नोंद : घाटंजीत 'पाच गढ्या' हा खेळ खेळणारे एकूण तीन. मी (गणिताचे क्लासेस, चौदा वर्षांचा अनुभव), गॅरेजवाला अन्सार, आणि झरी जामणीकडे फॉरेस्ट गार्ड असलेला हिरासिंग. बोटभर उंचीच्या सैनिकांचं युद्ध. रविवारी क्लासचे बेंच जोडून टेबल करतो, त्यावर डोंगर, नदी, फासे. लोक याला बाहुल्यांचा खेळ म्हणतात. लोकांबद्दल इथे लिहिणार नाही.

पाच गढ्या, पाच सैन्यं, प्रत्येकाला एक नेता. या पाच नेत्यांचं शास्त्रीय मूल्यमापन आजवर कोणीच केलेलं नाही. मी करणार. १४ सप्टेंबरला यवतमाळला स्पर्धा आहे, सांघिक गटाला तिघांची टीम लागते. कॅप्टन कोण, हे बोलून दाखवायची गरज नाही.

सायं. ६.००
अन्सारकडून हरलो. फासे.

५ ऑगस्ट, मंगळवार
मूल्यमापन पूर्ण. पंधरा दिवस लागतील वाटलं होतं, दीड तास लागला.

लोहगढीचा वज्रकेतू : ९.५. घोडा, तलवार, वेग, जबडा. जन्मजात लीडर. माझं सैन्य हेच आहे, हा योगायोग.
जळगढीची कालिंदी : ७. हुशार, पण फार विचार करते.
धूरगढीचा मांत्रिक : ६. विश्वास ठेवण्यासारखा चेहरा नाही.
जोडगढीचे जुळे भाऊ : ४. दोन नेते म्हणजे एकही नाही.
रानगढीचा ढोल्या : २. म्हातारा. हातात शस्त्र नाही, ढोल. ढोल ऐकू येतो तोवर त्याची माणसं पळत नाहीत, एवढीच पात्रता. अन्सार याच्याकडूनच खेळतो. यावरून काय ते समजावं.

दिपालीला तक्ता दाखवला. तिने विचारलं, हा घोड्यावरचा पुढे गेल्यावर मागच्यांचं काय होतं? मी म्हणालो, लीडर पुढेच असतो. ती म्हणाली, मी मागच्यांचं विचारलं. बायकोला थिअरी समजावणं कठीण.

१० ऑगस्ट, रविवार
हरलो. वज्रकेतूने शानदार धाव घेतली, दुसऱ्याच डावात शत्रूच्या मधोमध पोचला आणि पडला. उरलेले एकोणीस पळाले. दोष त्या एकोणीस जणांचा. हिरासिंगचं म्हणणं, तो एकटाच पयते, बाकीचे कुठं हायेत ते वळून पाहतच नाही. जंगलात राहणाऱ्या माणसाला धाडस कळू नये, याचं नवल वाटलं.

पराभवामुळे वज्रकेतूचे गुण ७.१ वर आले. म्हणजे फॉर्म्युल्यात चूक असणार. 'पराक्रम' या सदराचं वजन तिप्पट केलं. पुन्हा ९.५. गणित कधी खोटं बोलत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
हरलो. आक्षेप नोंदवला. हिरासिंगने तो ढोल्या सागवानाच्या तुकड्यातून कोरलाय. अन्सारने ढोलाला मोटारसायकलच्या टाकीचा लाल रंग मारलाय. सारखी नजर तिकडेच जाते. हे नियमात बसतं का? दोघं हसले. मी हसलो नाही. अंतर राखावं लागतं.

२० ऑगस्ट, बुधवार
कल्पना! जो फॉर्म्युला नेत्यांना, तोच माणसांना का नाही? कॅप्टनची निवडही त्यामुळे वादाशिवाय होईल. दुपारी तक्ता केला आणि आमच्या तिघांच्या ग्रुपवर टाकला.

मी : ९.२.
हिरासिंग : ५.१. (बस चुकते.)
अन्सार : २.४. (शिक्षण : नववी. नेतृत्व : दिवसभर लोक त्याच्याकडे येतात, पण ते गाडी बिघडली म्हणून.)

४.४० ला ग्रुपवर दिसलं, अन्सार लेफ्ट. घाटंजीत नेटवर्कचा फार प्रॉब्लेम आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
बैलांच्या गर्दीत अन्सार भेटला. एरवी लांबूनच 'काय म्हणता मास्तर' म्हणतो. आज 'नमस्कार सर' म्हणाला आणि पुढे गेला. तक्त्याचा परिणाम. आदर वाढलाय.

२४ ऑगस्ट, रविवार
बेंच जोडले. कोणी आलं नाही. सणाचा थकवा असेल.

३१ ऑगस्ट, रविवार
बेंच जोडले. हिरासिंगचा फोन, जंगलात ड्युटी आहे. अन्सारबद्दल विचारलं तर म्हणाला, ते तुमी त्यालेच विचारा ना सर. कॅप्टनने फोन करणं बरोबर दिसत नाही.

सराव चुकवायचा नाही म्हणून दोन्ही बाजूंनी मीच खेळलो. इकडे वज्रकेतू, तिकडे ढोल्या. ढोल्या जिंकला. अर्थात, एका अर्थी मीच जिंकलो.

७ सप्टेंबर, रविवार
बेंच जोडले नाहीत.

दिपालीने तक्ता पाहिला. दुसरा, माणसांचा. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"नववीत बाप गेला त्याचा. चार दिवसांनी गॅरेज उघडलं होतं त्यानं, तीन बहिणी होत्या मागं. त्याले मार्क द्याले तुम्ही कोण?"

हा डेटा माझ्याकडे नव्हता. तक्त्यात त्यासाठी सदरच नव्हतं.

तिने विचारलं, गेल्या पावसाळ्यात पारवा गावाच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तेव्हा भर पावसात कोण आलं होतं? मी म्हणालो, तो त्याचा धंदा आहे. ती आत गेली. जेवताना बोलली नाही. बहुतेक डोकं दुखत असेल.

तक्ता ग्रुपवरून काढला. तांत्रिक कारणास्तव.

१३ सप्टेंबर, शनिवार
उद्या स्पर्धा. टीम झाली नाही, तरी एकेरीत नाव दिलंय. इतरांचं ओझं नसलं की गुणवत्ता खुलून येते. वज्रकेतूची तलवार घासून घेतली. संकल्प : पहिल्या तिघांत. किमान.

१४ सप्टेंबर, रविवार. यवतमाळ
१०.००. पहिला सामना ढाणकीचा अब्रार. सोयाबीनचा व्यापारी. नवखा दिसतो.

१०.४०. हरलो. वज्रकेतू पडला, एकोणीस पळाले. अब्रारने विचारलं, सर, तुमी त्याले एकट्यालेच काहून धाडलं? मी म्हणालो, हे मोठं विश्लेषण आहे. त्याने घड्याळ पाहिलं.

११.१५. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती गर्दी. जाऊन पाहिलं तर अन्सार आणि हिरासिंग. दोघांनी दुहेरीत नाव दिलंय. मला कळवलं नव्हतं. विसरले असतील. मधोमध ढोल्या, आणि त्याच्याभोवती बावीस सैनिक. एकही हलत नव्हता.

१२.३०. त्यांचा उपांत्य सामना. मी मागे उभा राहून डोळ्यांनी खुणा करत होतो. आयोजकांनी मला दोरीच्या पलीकडे उभं राहायला सांगितलं. अन्सारने एकदाही वर पाहिलं नाही. प्रत्येक चाल हिरासिंगला विचारून करत होता. हिरासिंगचा एक फासा फार वाईट पडला, तर त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढची चाल केली. मी असतो तर त्याची चूक तिथल्या तिथे दाखवली असती.

३.००. दुसरे आले. टाळ्या बऱ्याच वाजल्या. मीही वाजवल्या, शिष्टाचार म्हणून. बाहेर पायरीवर दोघं डबा उघडून बसले होते. मी बसची चौकशी करत असल्यासारखा उभा होतो. अन्सारने विचारलं, "सर, जेवले का?"

जेवलो नव्हतो. मेथीची भाजी आणि दोन पोळ्या दिल्या. खाताना अभिनंदन करायचं ठरवलं होतं, तोंडात घास होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार
अन्सारशी बोलायचं ठरवलं. चार मुद्दे काढले. पहिला मुद्दा, त्याच्याही काही चुका झाल्या. दुसरा, तिसरा आणि चौथाही तोच निघाला. कागद फाडला.

२१ सप्टेंबर, रविवार. दुपारी १.००
गॅरेजवर गेलो. गाडी स्टार्ट होऊन नाही राह्यली, असं सांगितलं. मी ती चालवतच आणली होती, हे मागाहून लक्षात आलं. अन्सारने किक मारली. पहिल्या किकला सुरू. बंद केली. पुन्हा मारली. पुन्हा सुरू.

"गाडीले काही नाही झालं सर. कायले आले ते सांगा."

मी म्हणालो, "मले माहीत नव्हतं."

"काय?"

"तुह्या शाळेचं."

तो कापडाने हात पुसत राहिला. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत होता. मग म्हणाला, "माहीत नव्हतं त चालते. इचारलं नाही कधी, दहा वर्षांत. ते लागलं."

'चुकलं माहं' असं काहीसं म्हणालो असेन. नीट ऐकू गेलं की नाही कोणास ठाऊक. तेवढ्यात कोणीतरी पंक्चर घेऊन आलं. त्याने ते काढलं, मी उभाच होतो. पाना मागितला, मी दिला. चुकीचा होता. दुसरा दिला.

निघताना म्हणाला, पुढच्या रविवारी हिरासिंग येणार आहे, इथं मागच्या शेडमध्येच खेळू. पण खुर्च्या दोनच आहेत, येताना तुमची घेऊन या.

कॅप्टन कोण, हे मी विचारलं नाही. खुर्ची आणायला सांगितली, यात सगळं आलं.

२८ सप्टेंबर, रविवार. सायं. ५.३०
क्लासमधली हातांची चांगली खुर्ची गाडीला मागे बांधून भर बाजारातून नेली. हिरासिंग झरीहून दोन बस बदलून आला होता, पाय सुजले होते. तो तिच्यावर बसला. मी ऑइलच्या डब्यावर बसून खेळलो.

हरलो.