पाचवा स्टार

२ मार्च
आजपासून धंद्याची कळाच बदलणार. कंत्राटदारांना रेटिंग देणाऱ्या संस्थेचा सभासद झालो. दारावर लावायला चकचकीत स्टिकर मिळालं. गिऱ्हाइकांच्या मागे धावणं बंद. लोक संस्थेच्या वेबसाइटवर स्टार बघतील आणि रांग लावतील. बायको म्हणाली, आजवर बाथरूमची कामं आली ती एकाने दुसऱ्याला सांगूनच ना, त्यात काय बिघडलं होतं? तिला मार्केटिंग कळत नाही. मिस्त्रीने विचारलं, हे गळतीवर चिकटवायचं का? इतकी वर्षं माझ्याकडे आहे, पण व्हिजन म्हणून नाही.

५ मार्च
साइटवर माझ्या नावापुढे ‘अद्याप कोणाचेही मत नाही’ असं येतं. भिकार दिसतं. पहिलं मत बाईंकडून घ्यायचं. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. गेल्याच महिन्यात त्यांचं बाथरूम केलं. शिकलेल्या आहेत, निदान शुद्ध लिहितील.

७ मार्च, सकाळ
चार स्टार. शेरा: ‘प्रयत्न चांगला. कोपऱ्यात पाणी साचते.’
साचत नाही. जरा थांबतं. उतार कमी पडतोय असं मिस्त्री तेव्हा म्हणाला होता, पण मला घाई होती.

संध्याकाळ
संस्थेला फोन. मत एकच, म्हणून सरासरी चार. साडेचारच्या खाली ‘ब’ श्रेणी. मग माझं नावच काढा म्हटलं. वर्षभर निघत नाही म्हणे. सभासद नव्हतो तोवर मला श्रेणीच नव्हती, आता ‘ब’ आहे. बायको म्हणाली, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

८ मार्च
बाईंकडे जाऊन नाकदुऱ्या काढल्या. अख्ख्या नोकरीत पैकीच्या पैकी कोणाला दिले नाहीत म्हणाल्या, पोटच्या मुलीलासुद्धा नाही. पण फेरपरीक्षा घ्यायला तयार झाल्या. झालं तर मग! कोपरा फोडून उतार नीट केला की पाचवा स्टार खिशात.

१२ मार्च
कोपरा झाला. बाईंनी बादली ओतली आणि चष्मा लावून स्टुलावर बसल्या. पाणी सुरसुर निघून गेलं. मग म्हणाल्या, नळ वाकडा आहे. लेव्हल लावून दाखवली. नळ सरळ. बाई म्हणाल्या, मग भिंत वाकडी असेल.

१५ मार्च
आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचा फोन! अख्खं घर नवं करायचंय. वर्षभराचं काम. माप घ्यायला लगेच बोलावलं. बायकोने देवासमोर दिवा लावला. सध्या हातात दुसरं काहीच नाही, हे खरं आहे. पण डॉक्टरांनी साइट पाहिली आणि ‘ब’ दिसलं तर? सोमवारी येतो म्हटलं. तोवर ‘अ’ होतोच.

२० मार्च, सोमवार
बाईंच्या कपाटाचं दार करकरत होतं. बाथरूमशी संबंध नाही, पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. डॉक्टरांना पुढचा सोमवार दिला. मिस्त्री म्हणाला, मी जाऊन माप आणतो. मी म्हटलं, संस्थेत नाव कोणाचं आहे? त्याने टेप परत पिशवीत टाकली.

२४ मार्च
बाईंचा पंखा पुसला. ‘प्रगती आहे’ म्हणाल्या. घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती. मग माझीच मला लाज वाटली.

२७ मार्च, सोमवार
डॉक्टरांकडे निघालो. जिन्यातच बाईंचा फोन: आज अंतिम तपासणी, हजर राहा. गेलो. एकेका फरशीवर काठी वाजवत होत्या. मी मध्ये उभा, दारात स्टूल, स्टुलावर बाई. खिशात डॉक्टरांचा फोन दोनदा वाजला. बाई बोलत असताना फोन घ्यायची हिंमत झाली नाही. या वयात!
संध्याकाळी मिस्त्री आला. उद्यापासून येत नाही म्हणाला, डॉक्टरांनी त्यालाच बोलावलंय. घरात खाणारी तोंडं आहेत, किती दिवस बसून राहू, म्हणाला. वाईट वाटून घेऊ नका असंही म्हणाला. मी म्हटलं, छे छे. दार लावल्यावर रडू आलं.

२ एप्रिल
पाच स्टार! ‘अ’ श्रेणी! बाईंनी इतिहास घडवला. शेरा: ‘विद्यार्थी कष्टाळू व आज्ञाधारक. कधीही बोलवा, मोकळाच असतो.’ बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचायला लावलं.

९ एप्रिल
फोन नाही. ‘अ’ श्रेणी बघून लोक दबकत असावेत.

१२ एप्रिल, दुपार
फोन वाजला! रेटिंग संस्थेचे मॅनेजर स्वतः. आधी अभिनंदन केलं. मग म्हणाले, आमच्या ऑफिसचं बाथरूम खालच्या मजल्यावर गळतंय, चांगला माणूस हवाय. मी उठून चपला घातल्या. म्हटलं, हा काय, निघालोच. ते म्हणाले, नाही नाही, तुम्ही कशाला त्रास घेता, डॉक्टरांकडे काम करतात ना ते मिस्त्री, त्यांचा नंबर हवा होता. जो तो त्यांचंच नाव सांगतो. मी म्हटलं, अहो, पण तो तुमचा सभासद नाही. ते म्हणाले, ते ठीक आहे हो, इथे पाणी गळतंय.
नंबर दिला. माणूस कसा आहे, त्यांनी विचारलं. डोळे झाकून काम द्या, म्हटलं.