दोन्ही डोळे उघडे हवेत

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्या भावाचा (काही मिनिटांनीच धाकटा, पण ती मिनिटं तू मला जन्मभर विसरू दिली नाहीस) शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, वहिनीची सर्दी आणि या दोन्हींवर आईचं दिवसभर चालणारं भाष्य, सगळं ठीक चाललं असेल अशी आशा करतो. इकडे मी मजेत आहे. हा फोन सोडून पत्र का लिहीत बसलाय, असं तू वहिनीला विचारशील. तर फोनवर तू "बोल, काय काम आहे?" अशी सुरुवात करतोस आणि मी काम सांगून व्हायच्या आत "बघू" म्हणून ठेवून देतोस. पत्र असं मध्येच ठेवून देता येत नाही. (येतं म्हणा, पण मग वहिनी ते उचलून मोठ्याने पुढे वाचते आणि तुला ऐकावंच लागतं.) शिवाय आधीच स्पष्ट सांगून टाकतो, या पत्रात मागणं काहीही नाही.

बातमी अशी की मला काम मिळालंय. साधं नव्हे! एका प्रकाशकाला जगभरच्या दीपगृहांवर राहणाऱ्या माणसांचे फोटो हवे आहेत. दीपगृहांचे नकोत, ते कोणीही काढतं. आतल्या माणसांचे हवेत, आणि ते मी काढायचे आहेत. वर्षभर बोटीने हिंडायचं, उतरायचं, जिने चढायचे आणि वर जो कोणी असेल त्याचा चेहरा घेऊन खाली यायचं. आयुष्यभर कंपन्यांच्या साहेबांना "हनुवटी जरा खाली, पोट जरा आत" सांगत आलेल्या माणसाला ही बातमी कळल्यावर त्याने काय करावं? मी जिन्यात नाचलो. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याचा पेशंट अर्ध्या तोंडाला भूल असताना बाहेर येऊन बघून गेला. आता फक्त नवा पासपोर्ट हवा आणि पासपोर्टला फोटो हवा, आणि दादा, इथेच घोडं पेंड खातंय.

तुला ठाऊक आहे, कॅमेरा लावताना मी डावा डोळा मिटतो. वर्षानुवर्षं मिटतोय. त्यामुळे त्या डोळ्याची आता अशी पक्की समजूत झाली आहे की 'खट्' झालं की आपण मिटायचं, मग मालक कॅमेऱ्यामागे असो की पुढे. परिणामी माझ्या प्रत्येक फोटोत मी डोळा मारतोय. स्टेशनवरच्या यंत्रात बसलो, तर चार फोटोंत चार वेळा डोळा, आणि चेहऱ्यावर भाव असा की पुढच्या गाडीने पळून जायचं ठरलंय. एका धंदेबंधूने माझी पापणी चिकटपट्टीने वर ताणून लावली. डोळा उघडा राहिला, पण भुवई कपाळाच्या मध्यावर गेली आणि मी अर्धाच दचकल्यासारखा दिसायला लागलो. पासपोर्ट कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंनी पहिला फोटो परत केला तेव्हा त्या नुसत्या "दोन्ही डोळे उघडे हवेत" म्हणाल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी तेच जरा सावकाश सांगितलं. तिसऱ्या वेळी त्या माझ्या कागदांना स्टेपलर मारत होत्या. खट्. मी काचेपलीकडून, समोरासमोर, बाईंना डोळा मारला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "वय काय तुमचं?" मी म्हटलं, "अर्जात लिहिलंय." तेवढ्यात शेजारच्या खिडकीत खट्. परत मारला. रांगेतले एक आजोबा मागून म्हणाले, "चालू द्या, आम्हाला घाई नाही."

पण मला आहे ना! महिनाअखेरपर्यंत पासपोर्ट हातात आला नाही, तर बोट दुसऱ्या फोटोग्राफरला घेऊन जाणार. त्याला मी ओळखतो. फोटो भिकार काढतो, पण डोळे उघडे ठेवतो. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. घरी येऊन टेबलासमोरच्या भिंतीकडे बघत बसलो. तिथे माझा एकुलता एक दोन्ही डोळे उघडे असलेला फोटो आहे. कॉलेजात असतानाचा, कॅमेरा हातात यायच्या आधीचा. मी घर सोडलं तेव्हा आईने "हा घेऊन जा, बरा आलाय" म्हणून पिशवीत कोंबला होता. (पासपोर्टला चालायचा नाही, त्यातले केस आता कुठे आहेत?) काय सालस चेहरा होता रे माझा! सरळ, शांत, जबाबदार. बघून वाटतं, या मुलाचं काहीतरी चांगलं व्हायला हवं होतं.

मधल्या काळात पोटासाठी एक डोंगरातलं काम घेतलं, ते ऐक. दोन म्हाताऱ्या जुळ्या बहिणी, एकच घर, एक वर राहते, एक खाली, आणि दोघींत वर्षानुवर्षं बोलणं नाही. भांडण कशावरून झालं ते दोघींनाही आठवत नाही, पण चूक कोणाची होती ते दोघींना पक्कं आठवतं. दोघींनी स्वतंत्र पत्रं टाकून स्वतंत्र फोटो मागवले होते. मी दिवे, कॅमेऱ्याचं तिकाटणं आणि मागच्या पडद्याची लांबलचक गुंडाळी घेऊन बसने निघालो. बस खच्चून भरलेली. वळणं सुरू झाली तशी माणसं माझ्या गुंडाळीलाच धरून उभी राहिली. एकाने तिच्यावर ओली छत्री वाळत घातली. उतरायच्या वेळी कंडक्टर ती मला नेऊ देईना, म्हणाला, बसचे भाग काढायचे नाहीत. (शेवटी छत्रीवाल्याने साक्ष दिली म्हणून सुटलो.)

घरात शिरलो तर जिन्याच्या वरून आवाज, "तिला सांगा, आधी माझा." खालून आवाज, "तिला सांगा, मी ऐकलं." दोघी एकमेकींना लख्ख ऐकत होत्या, तरी सगळं माझ्यामार्फत. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहून मी "त्या म्हणतात", "त्या म्हणतात" करत दुपारपर्यंत घसा बसवून घेतला. दोघींना तीच खुर्ची हवी, तीच खिडकी हवी, आणि अंगात त्यांच्या आईने एकाच कापडातून शिवलेले सारखेच राखाडी कोट, कारण आधी बदलायचा कोणी? चेहरे तर आपल्यासारखेच, म्हणजे एकीला बघून दुसरी केली असावी असे. फरक फक्त गालावरच्या तिळाचा. वरच्या बाईंचा डाव्या गालावर, खालच्यांचा उजव्या. म्हणजे थेट माझा आणि तुझा हिशेब.

फोटो काढले, छोटं छपाईयंत्र सोबत होतं त्यावर तिथेच छापले आणि वरचा वर, खालचा खाली दिला. दोघींनी चष्मे लावले, आणि मग दोन्ही मजल्यांवरून एकदम, "हा तिचा आहे!" वरच्या बाई म्हणाल्या, मी सत्तर वर्षं आरशात बघतेय, माझा तीळ या बाजूला दिसतो, यात त्या बाजूला आहे. खालच्या बाई शब्दन्‌शब्द तेच म्हणाल्या. मी एकदा बाईंकडे, एकदा फोटोकडे, मग जिना उतरून परत बाईंकडे, परत फोटोकडे. डावं-उजवं करता करता मला गरगरायला लागलं. शेवटी म्हटलं, चूक माझीच असणार, आणि फोटो बदलून दिले. काय खूश झाल्या रे! वरच्या म्हणाल्या, "ही मी. बघा कशी शांत दिसतेय." खालच्यांनी तर फोटो लगेच पलंगासमोर टांगला आणि मला हळूच विचारलं, "तिचा चांगला आला का?" मी म्हटलं, अगदी तुमच्यासारखा.

परतीच्या बसमध्ये कॅमेऱ्यातले फोटो बघितले आणि डोक्यात प्रकाश पडला. मी पहिल्यांदा दिले तेच बरोबर होते! आरसा आपल्याला डावं डावीकडेच दाखवतो, फोटो ते समोरून बघणाऱ्यासारखं उलट दाखवतो, आणि यांचे तीळ विरुद्ध गालांवर, त्यामुळे बहिणीचा फोटो म्हणजे हुबेहूब आपला आरसा. आता वरच्या बाईंच्या भिंतीवर खालच्या बाई आहेत आणि खालच्यांच्या भिंतीवर वरच्या. परत जाऊन सांगावं असं क्षणभर मनात आलं. पण रोज सकाळी दोघी उठतात, एकमेकींकडे बघतात आणि "किती छान दिसतेय" म्हणतात. हे मोडायला मी कोण? बसमध्ये एकटाच इतका हसलो की शेजारचा उठून मागे गेला.

असो. गुडघ्याला जप. आईला आणि वहिनीला नमस्कार.

तुझाच (दिसायलाही),
धाकटा

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. तुझे पासपोर्टच्या मापाचे चार फोटो लगेच पाठव. मिशी काढून. तिळाची बाजू मी इथे फिरवून घेईन. तुला खोटं बोलावं लागणार नाही, नुसतं पाकीट चिकटवायचं आहे.

ता. क. २. तू पाठवणार नाहीस हे मला लिहितानाच कळलं होतं. दुकानदाराने जास्तीची मोड दिली तर अर्ध्या वाटेतून परत जाणारा माणूस तू. म्हणून पाकीट बंद करायच्या आधी आईला फोन केला, म्हटलं, तुझ्या थोरल्याला जरा समजाव, मला दोन्ही डोळे उघडे असलेला फोटो हवाय, एकच आहे, तू पिशवीत कोंबलेला, तो भिंतीवर. ती म्हणाली, "बावळटा, तो दादा आहे. तीळ बघ ना. तुला घरची आठवण यायला नको म्हणून दिला होता." फोन ठेवला आणि बराच वेळ तुझ्याकडे बघत बसलो. म्हणजे इतकी वर्षं रोज सकाळी मी ज्याला सालस, शांत, जबाबदार म्हणतोय तो तू आहेस. हे वहिनीने मोठ्याने वाचलं असेल तर आता तुला तोंड लपवायला जागा नाही.

ता. क. ३. फोटो पाठवू नकोस. युक्ती सापडली. कॅमेरा टायमर लावून तिकाटण्यावर ठेवला, शेजारी तुझा फोटो टांगला आणि तुझ्याकडे बघत राहिलो. आरशात बघतोय असं वाटून डोळा बेसावध राहिला. खट्. दोन्ही उघडे! आज खिडकीवर नेऊन दिला. बाईंनी भिंग लावून तपासला आणि दाणकन शिक्का मारला. मी सवयीने डोळा मारला. बाईंनीही मारला.

ता. क. ४. म्हणजे या पत्रात मागणं काही नाही, सुरुवातीला म्हटलं होतं तसंच. तरी बोट सुटायच्या आधी ये. वर्षभर दिसणार नाहीस, आणि आठवणीसाठी भिंत काही बोटीवर नेता येत नाही. सोबत माझ्या या नव्या फोटोची एक प्रत पाठवतोय. तू दाढी करतोस त्या आरशाशेजारी लाव. पहिले काही दिवस तुला वाटेल, वा, काय छान आलोय मी.